ती घर सोडून का जात नाही? (झपाटलेली घरं, आईपण आणि शोक)

निशिगंध

भुताच्या घराची गोष्ट सांगायला घेतली की ऐकणारा एक प्रश्न हमखास विचारतो : "एवढं सगळं होतंय, तर ही माणसं घर सोडून जात का नाहीत?" मीही कितीतरी वर्षं हेच विचारत आले. लेखक काहीतरी सबब देतो, पैसे नाहीत, वादळ आलंय, रस्ता पाण्याखाली गेलाय, आणि आपण ती चालवून घेतो.

गेल्या काही महिन्यांत मात्र एकामागून एक अशा कथा हाती लागल्या, ज्यांत घरात एक आई आहे आणि तिचं मूल गेलेलं आहे. तिथे सबबीची गरजच पडत नाही. ती जात नाही, कारण तिला जायचंच नसतं. घरात जे आहे ते कितीही भयंकर असलं तरी ते तिचं आहे आणि ते गेलं तर मागे काहीच उरणार नाही. मला भुतापेक्षा या गोष्टीने जास्त हादरवलं. त्यावर कोणाशी तरी बोलावंसं वाटलं, म्हणून हा धागा. (बऱ्याच कथांचे शेवट पुढे उघड होणार आहेत. ज्यांना वाचायच्या आहेत त्यांनी जपून.)

सुरुवात टोनी मॉरिसन यांच्या 'बिलव्हेड'पासून (१९८७) करते. काळ १८७३ चा, म्हणजे अमेरिकेतली गुलामगिरी कायद्याने संपलेली आहे. सिनसिनाटी शहराच्या कडेचं १२४ क्रमांकाचं घर. सेथीची तान्ही मुलगी त्या घरात आहे, आणि ती सेथीच्याच हातून मेलेली आहे. गुलामगिरीच्या काळात सेथी पळून आली होती, आणि पकडायला आलेल्या मालकाच्या हाती पोरं पुन्हा लागू नयेत म्हणून तिने ते केलं. यामागे खरी घटना आहे. १८५६ मध्ये मार्गारेट गार्नर ही स्त्री गोठलेली ओहायो नदी ओलांडून केंटकीतून पळाली आणि पकडली जाताना तिने आपल्या लहानग्या मुलीला मारलं.

कादंबरीतल्या घरात आरसा नुसतं पाहिलं की फुटतो. केकवर दोन इवल्याशा हातांचे ठसे उमटतात. सेथीचे दोन्ही मुलगे एवढ्यावर घर सोडून पळतात. त्यांचं बरोबरच आहे, आपणही पळालो असतो. पण सेथी राहते. एकदा ती सासूला म्हणते, आपण दुसरीकडे राहायला जाऊ या का? सासू म्हणते, काय उपयोग? या देशात असं एक घर दाखव, ज्याच्या आढ्यापर्यंत कोणा ना कोणा मेलेल्या काळ्या माणसाचं दुःख भरलेलं नाही.

मी पुस्तक तिथे मिटलं आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. शंभरएक भयकथांमधून मी जो प्रश्न विचारत होते, त्याचं उत्तर तिथे पहिल्या काही पानांतच दिलेलं होतं.

दुसरी कथा, सूझन हिल यांची 'द वुमन इन ब्लॅक' (१९८३). दलदलीतलं एकाकी घर, भरतीच्या पाण्यात बुडणारी वाट, आणि बंद दारामागे एकसारखा येणारा धप्, धप् असा आवाज. दार उघडतं तेव्हा कळतं की ती लहान मुलाची खोली आहे आणि आवाज झुलत्या खुर्चीचा आहे. खोलीत खेळणी, कपडे, सगळं जिथल्या तिथे. काळ्या कपड्यांतली ती बाई म्हणजे जेनेट. ती अविवाहित आई होती, तिचं मूल तिच्या बहिणीला देऊन टाकलं गेलं. एके दिवशी धुक्यात त्या मुलाची गाडी दलदलीत रुतली आणि जेनेटने ते खिडकीतून पाहिलं. आई म्हणवून घ्यायचा हक्क जिवंतपणी मिळाला नाही, तो हक्क बजावायला ती मेल्यावर त्या खोलीत येते. मला त्या कथेतले खून आठवत नाहीत. खुर्ची आठवते.

तुम्ही या प्रकारचं काय वाचलंय, पाहिलंय? आणि तुमच्या मते ती घर का सोडत नाही?

पारवा

उत्तम धागा. थोडा इतिहास जोडतो, कारण यात एक गंमतीची नव्हे, चांगलीच बोचणारी गोष्ट आहे.

गॉथिक कादंबरीची, म्हणजे जुने वाडे, भुतं आणि दडवलेली गुपितं यांच्या भयकथांची सुरुवात १७६४ च्या 'द कॅसल ऑफ ओट्रांटो'पासून मानतात, लेखक होरेस वॉलपोल. पहिल्याच पानांत राजघराण्यातला तरुण मुलगा ऐन लग्नाच्या दिवशी आकाशातून पडलेल्या अवाढव्य शिरस्त्राणाखाली चिरडून मरतो. म्हणजे या साऱ्या परंपरेचा आरंभच एका आईचं मूल जाण्याने झालेला आहे! पण पुढे काय होतं? बाप लगेच ठरवतो की बायकोला सोडून मुलाच्या वाग्दत्त वधूशी आपणच लग्न करायचं, वंश बुडता कामा नये. आईचं रडणं तिथे दोन ओळींत आटोपतं. त्या काळातला वाडा म्हणजे बापाची मालमत्ता. भूत येतं तेही वारसाहक्काचा निवाडा करायला.

आईकडे पहिल्यांदा नीट वळून पाहिलं ते अ‍ॅन रॅडक्लिफ यांनी. त्यांच्या 'अ सिसिलियन रोमान्स'मध्ये (१७९०) वाड्याच्या ओसाड भागात रात्री दिवे दिसतात, आवाज येतात, नोकरचाकर घाबरून असतात. शेवटी मुलीला कळतं की तिथे भूतबीत काही नाही. तिथे तिची आई आहे, जिवंत. नवऱ्याने ती मेल्याचं जाहीर करून तिला कोंडून ठेवलंय. घराला ज्याने झपाटलंय ती घरचीच बाई, ही कल्पना तेव्हापासूनची.

आणि मेरी शेली. त्या १७९७ मध्ये जन्मल्या आणि अकरा दिवसांत त्यांची आई बाळंतपणातल्या आजाराने गेली. पुढे १८१५ मध्ये त्यांची स्वतःची पहिली मुलगी अपुऱ्या दिवसांची जन्मली आणि दोनेक आठवड्यांत गेली. त्यानंतर काही दिवसांनी त्यांनी रोजनिशीत एक स्वप्न लिहून ठेवलं. बाळ पुन्हा जिवंत झालंय, ते फक्त गारठलं होतं, आम्ही त्याला शेकोटीपुढे चोळलं आणि ते जगलं. जाग आली तर बाळ नाही. पुढच्याच वर्षी 'फ्रँकेन्स्टाइन' लिहायला घेतली. निर्जीव देहात प्राण फुंकणाऱ्या माणसाची ती गोष्ट विज्ञानाच्या अहंकाराबद्दल आहे असं आपण शिकतो. ते स्वप्न वाचल्यापासून मला ती तशी वाचता येत नाही.

मिणमिणता दिवा

पारवा, ते शेकोटीचं वाचून काटा आला. वाचते आहे, लिहीत राहा सगळे.

कवडसा

निशिगंध, लेख आवडला, पण माझं जरा वेगळं मत आहे आणि ते ठामपणे मांडणार आहे.

या कथांमध्ये शोक करणाऱ्या बापाचं काय होतं? तो दारू पितो, अबोल होतो, कामात बुडतो. फार तर मरतो. आणि आईचं? ती वेडी होते, दुसऱ्यांची पोरं मारते, डाकीण होते. 'वुमन इन ब्लॅक'मधली जेनेट दिसली की गावातलं एक मूल मरतंच. मेक्सिकोतल्या योरोनाची लोककथा घ्या. पाण्याकाठी रडत फिरणारी आई, तिने पोरांना बुडवलं आणि आता दुसऱ्यांची पोरं ओढून नेते. एवढी जुनी, एवढी पसरलेली कल्पना आहे ही. आईचं दुःख मापात राहिलं तर पवित्र, मापाबाहेर गेलं की राक्षसी! आणि ते माप कोण ठरवणार? तर तिच्याभोवतीची माणसं.

मला या कथा वाचताना भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. मूल गेलेल्या एखाद्या बाईने सहा महिन्यांनंतरही कपाट आवरलं नाही, तर आजूबाजूचे लोक तिच्याकडे याच नजरेने बघतात. ही नजर त्यांना गोष्टींनीच शिकवलेली असते.

निशिगंध

कवडसा, यातलं निम्मं मला लगेच मान्य आहे. जेनेटच्या बाबतीत तर पूर्णच.

पण चांगल्या लेखकाच्या हातात ही गोष्ट उलटी फिरते असं मला वाटतं. दोन सिनेमे सांगते. 'द अदर्स' (२००१) मध्ये आई दोन मुलांना घेऊन पडदे ओढलेल्या घरात राहते, मुलांना उजेड सोसत नाही. घरात कोणीतरी वावरतंय म्हणून ती हैराण. शेवटी उलगडतं की भुतं म्हणजे ती आणि तिची मुलं. मुलांना उशीने तिनेच मारलं आणि मग स्वतःला संपवलं. हे कळल्यावर ती किंचाळत सुटत नाही. मुलांना जवळ घेऊन बसते आणि म्हणत राहते की हे घर आमचं आहे. आपण इतका वेळ ज्यांना घुसखोर समजत होतो ती जिवंत माणसंच घर सोडून जातात!

'द ऑर्फनेज' (२००७) त्याहून कठोर आहे. लॉराचा मुलगा हरवतो. घरात धडधड ऐकू येते, तिला वाटतं भुतं आहेत. कितीतरी महिने ती भुतांना बोलावते, त्यांच्याशी खेळ मांडते. आणि खरं काय, तर तळघरात अडकलेला तिचा मुलगाच भिंती ठोकत होता. दार तिच्याच हातून नकळत अडलं गेलं होतं. यात राक्षसी काहीही नाही. कुठल्याही आईला रात्री दोन वाजता जो विचार छळतो, 'मी वेळेवर ऐकलं असतं तर', त्या विचाराचं अख्खं घर बांधलंय.

ती घर सोडत नाही, कारण तिचं ऐकायचं राहून गेलंय. ते आता तरी ऐकता येईल असं तिला वाटतं.

रानवारा

निशिगंध, तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांमुळे लिहायला बसलो, एरवी मी फक्त वाचतो.

इथे सगळे आईच्या बाजूने बोलताहेत. एक कथा मुलीच्या बाजूची आहे, शर्ली जॅक्सन यांची 'द हाँटिंग ऑफ हिल हाउस' (१९५९). एलिनोरने अकरा वर्षं आजारी आईची सेवा केलेली आहे. आई गेली त्या रात्री तिने भिंतीवर ठोकून हाक मारली होती. एलिनोर उठली नाही. पुढे ती स्वतःच सांगते की कदाचित मला जाग आली असेल आणि मी पुन्हा झोपले असेन. तिचं तिलाच नक्की ठाऊक नाही. आणि मग हिल हाउसमध्ये पहिल्या भीतीच्या रात्री काय होतं? दारावर ठोकणं सुरू होतं. आणि अर्धवट झोपेत एलिनोर म्हणते, आले आई, आले.

माझी आई शेवटची दीड वर्षं अंथरुणाला खिळून होती. आवाज गेला होता. उशाशी काचेचा पेला ठेवलेला असे, काही हवं असलं की ती त्यावर चमचा वाजवायची. रात्रीतून सात-आठ वेळा. खोटं कशाला बोलू, काही रात्री मी तो आवाज ऐकूनही मिनिटभर पडून राहिलोय. ती गेली तेव्हा पहिल्या क्षणी मला हलकं वाटलं. दुसऱ्या क्षणी त्या हलकेपणाची लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

आता दोन वर्षं झाली. कुठेही कोणी पेल्यात चमचा ढवळला की मी उठून उभा राहतो. चारचौघांत, ऑफिसात, कुठेही.

जॅक्सनना हे कसं कळलं असेल याचा मी खूप विचार करतो. सेवा करणाऱ्याच्या शोकात सुटकेचा भाग असतो आणि तोच सगळ्यात जास्त झपाटतो. एलिनोर हिल हाउस सोडत नाही कारण त्या घराला ती हवी असते. अकरा वर्षं जिला फक्त ठोकून बोलावलं गेलं, तिला आता घर नावाने बोलावतंय. भिंतीवर तिचं नाव लिहून, घरी ये म्हणून.

मिणमिणता दिवा

रानवारा, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत.

अबोली

नमस्कार. मीही इथे पहिल्यांदाच लिहितेय.

चार वर्षांपूर्वी चौतिसाव्या आठवड्यात माझ्या बाळाचे ठोके थांबले. मुलगी होती. त्यावर फार लिहीत नाही. पण तिसऱ्या दिवशी दूध आलं. मला कोणी आधी सांगितलंच नव्हतं की असं होतं. बाळ गेल्याचं सगळ्यांना कळलेलं, कळवायचं राहिलं होतं ते माझ्या शरीराला. रात्री पंख्याच्या घरघरीत मला रडणं ऐकू यायचं. मी उठायचे, खोलीच्या दारापर्यंत जायचे, परत यायचे. नवऱ्याला कळू नये म्हणून पाण्याचा ग्लास हातात घेऊन जायचे.

त्या दिवसांत 'द यलो वॉलपेपर' वाचली, कुठल्याशा संग्रहात होती. शार्लट पर्किन्स गिलमन, १८९२. बाळंत झालेल्या बाईला 'विश्रांती' म्हणून माळ्यावरच्या खोलीत ठेवतात आणि तिला भिंतीवरच्या कागदात सरपटणारी बाई दिसू लागते. सगळे तिच्या वेडाबद्दल बोलतात. मला एवढंच दिसलं की ती खोली आधी लहान मुलांची होती. खिडक्यांना गज आहेत ते मुलं पडू नयेत म्हणून. असं तिला वाटतं. आणि तिचं बाळ त्याच घरात आहे, पण तिच्यापाशी नाही, दुसरंच कोणी त्याला सांभाळतंय. म्हणजे मुलाच्या खोलीत आई, आणि मूल कुठेतरी भलतीकडेच.

नंतर कळलं की गिलमन स्वतः त्यातून गेल्या होत्या. मुलीच्या जन्मानंतर त्या खचल्या, तेव्हाच्या नावाजलेल्या डॉक्टरांनी विश्रांतीचा उपचार दिला आणि घरी पाठवताना सांगितलं की मुलीला सतत जवळ ठेवा आणि आयुष्यभर लेखणीला हात लावू नका. त्यांनी लेखणीला हात लावला म्हणून मला ती गोष्ट मिळाली.

आमच्या त्या खोलीची एक भिंत अर्धीच रंगवलेली आहे. खालचा भाग पिवळा करायचा होता, वरचा पांढरा. मधली रेघ सरळ यावी म्हणून कागदी चिकटपट्टी लावली होती. पिवळ्याचा एकच हात झाला होता. ती पट्टी अजून तशीच आहे. लोक म्हणतात रंगवून टाका, बरं वाटेल. कवडसा, तुम्ही ज्या नजरेबद्दल लिहिलंत ती मला माहीत आहे.

कवडसा

अबोली, माझ्याकडे शब्द नाहीत. तुम्ही लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. ती पट्टी तुमची आहे, दुसऱ्या कोणी त्याबद्दल काही म्हणायचं कारण नाही.

उंबरठा

अबोली, तुम्हाला उद्देशून लिहितेय, पण धाग्याच्या विषयाशीही संबंध आहे.

मी प्रयोगशाळेत काम करते. गरोदरपणात बाळाच्या काही पेशी वारेतून आईच्या रक्तात उतरतात. बाळंतपणानंतर त्या नाहीशा होतात असं पूर्वी वाटायचं. १९९६ मध्ये एका संशोधनात मुलाला जन्म देऊन २७ वर्षं झालेल्या स्त्रीच्या रक्तात त्या मुलाच्या पेशी सापडल्या. पुढे मेंदूसह अनेक अवयवांत त्या मिळाल्या. जी गर्भारपणं पूर्णत्वाला गेली नाहीत, त्यांच्याही पेशी आईच्या शरीरात आढळतात. त्या तिथे नेमकं काय करतात यावर अजून काम चालू आहे आणि मी त्याला जास्तीचा अर्थ चिकटवणार नाही. पण मूल आईच्या देहात राहून जातं, हे शब्दशः खरं आहे.

झपाटलेलं घर म्हणजे आईचं शरीर, असं समीक्षक लिहितात तेव्हा मला पूर्वी ते ओढूनताणून वाटायचं. आता वाटत नाही.

आणि त्या पंख्याच्या आवाजाबद्दल. १९७१ मध्ये रीस नावाच्या वेल्समधल्या डॉक्टरने जोडीदार गेलेल्या २९३ जणांशी बोलून एक पाहणी प्रसिद्ध केली. जवळपास निम्म्या लोकांना गेलेलं माणूस घरात असल्याचं जाणवत होतं. काहींना दिसत होतं, काहींना ऐकू येत होतं. ही माणसं वेडी नव्हती. आणि त्यातल्या बहुतेकांनी हे तोवर कोणालाही सांगितलेलं नव्हतं. प्रत्येकजण आपापल्या पाण्याचा ग्लास घेऊन उठत होता.

पारवा

उंबरठा, प्रतिसाद जपून ठेवतोय.

एक जुना शब्द आठवला. फ्रॉइडने १९१९ मध्ये अशा भीतीवर निबंध लिहिला, त्यात तो एका जर्मन शब्दाच्या मागे लागतो. 'हाइमलिश' म्हणजे घरचं, ओळखीचं. पण त्याच शब्दाचा दुसरा अर्थ आहे लपवलेलं, झाकलेलं. आणि भेसूर वाटणाऱ्या गोष्टीला म्हणतात 'उनहाइमलिश', म्हणजे जे घरचं नाही ते. त्याचं म्हणणं असं की आपण परक्याला भीत नाही. जे अगदी आपलं होतं, आपणच झाकून ठेवलं होतं, ते समोर आलं की भितो. अबोलींच्या पंख्यातलं रडणं परकं कुठे होतं?

शाईचा डाग

सर्वांना एक विचारायचं आहे. मी अशीच एक कथा लिहितोय. जुळ्यांपैकी एक मूल गेलेली आई, दुसरं जिवंत. तीन वेळा लिहिली, तिन्ही वेळा ती नुसती भुताची गोष्ट झाली. आईचं दुःख कागदावर येतच नाही. 'ती खूप दुःखी होती' असं काहीतरी होऊन बसतं. कुठे चुकतंय?

निशिगंध

शाईचा डाग, मी काही लेखक नाही, पण वाचक म्हणून सांगते.

याच धाग्यावर पाहा ना. झुलती खुर्ची, पेल्यावरचा चमचा, चिकटपट्टी. यातल्या कोणीही 'मी दुःखी आहे' असं म्हटलेलं नाही. तुमच्या कथेतली आई दिवसभर हाताने काय करते, ते आधी शोधा. जुळी मुलं होती म्हणजे ती प्रत्येक गोष्ट दोनदा करत असणार. दोनदा बटणं लावणं, दोनदा नखं कापणं. आता एकदाच केल्यावर तिचे हात कुठे जातात? तिथे भूत उभं करा.

दुसरं म्हणजे भुताला घाई करू देऊ नका. रॅडक्लिफ यांचं एक लेखन त्यांच्या मृत्यूनंतर १८२६ मध्ये छापलं गेलं. त्यात त्या दोन भीती वेगळ्या करतात. एकीने मन जागं होतं, ताणलं जातं. दुसरीने ते गोठतं. जे अजून नीट दिसलेलं नाही ते पहिलीतलं. आईच्या कथेत तर हे फारच खरं, कारण तिला ते नीट दिसायलाच हवं असतं! वाचक 'दार उघडू नकोस' म्हणतोय आणि ती उघडायला धावतेय. दोघांची ओढ अशी विरुद्ध लागली की कथा आपोआप ताठ होते.

आणि जिवंत मुलाला विसरू नका. 'द बाबाडूक' (२०१४) यासाठी पाहा. अमेलियाला बाळंतपणासाठी दवाखान्यात नेताना नवरा अपघातात मरतो, म्हणजे मुलाचा वाढदिवस हाच नवऱ्याचा मृत्युदिन. सात वर्षं ती त्या दिवशी वाढदिवस करत नाही. जिवंत मुलाकडे पाहून एका क्षणी तिला जे वाटतं, ते कुठल्याही आईला तोंडाने म्हणता येणार नाही. ते बोलायला ते काळं भूत लागतं. कवडसा, तुमच्या आक्षेपाला माझं उत्तर इथे आहे. भूत तिला राक्षस ठरवत नाही. जे बोलायची तिला मुभा नाही, ते भूत बोलून टाकतं. आणि शेवटी ती त्याला मारत नाही. ते तळघरात राहतं आणि ती रोज त्याला वाडगाभर किडे नेऊन घालते.

कवडसा

'बाबाडूक'च्या बाबतीत मान्य, अगदी शंभर टक्के. तळघराची ती पायरी उतरतानाचा तिचा चेहरा मी विसरू शकत नाही.

पण मूळ मुद्दा सोडत नाही, कारण हे कादंबऱ्यांपुरतं राहिलेलं नाही. सेरा विंचेस्टर या खऱ्या बाईचं काय झालं बघा. त्यांची एकुलती एक मुलगी १८६६ मध्ये जन्मली आणि काही आठवड्यांतच गेली. १८८१ मध्ये नवरा गेला. नवऱ्याच्या घराण्याचा बंदुकांचा कारखाना, त्यामुळे पैसा अमाप. त्यांनी १८८६ मध्ये कॅलिफोर्नियात सॅन होजे इथे एक साधं शेतावरचं घर घेतलं आणि ते वाढवत नेलं. खोल्यांमागून खोल्या, छताला जाऊन थांबणारे जिने, भिंतीत उघडणारी दारं. १९०६ च्या भूकंपाने बरीच पडझड झाली, त्यातली काही दारं-जिने तर त्यामुळेच अर्धवट राहिले. १९२२ मध्ये त्या वारल्या आणि घर लगेच तिकीट लावून दाखवायला खुलं झालं.

सगळ्यांना ठाऊक असलेली कथा अशी की बंदुकांनी मेलेल्यांच्या भुतांना चुकवायला त्या रात्रंदिवस बांधत सुटल्या. याला त्यांच्या स्वतःच्या शब्दांतला आधार मिळत नाही. त्यांना स्थापत्याची आवड होती, पैसा होता आणि पाहुण्यांची हौस नव्हती. पण मूल गेलेली एकटी बाई काहीतरी बांधतेय, म्हणजे तिला भुतांनी पछाडलेलं असणार! एखाद्या श्रीमंत विधुराने तेच केलं असतं तर लोकांनी त्याला छंद म्हटलं असतं. गोष्ट आधी तयार होती, फक्त तिला एक घर हवं होतं.

निशिगंध

याला माझ्याकडे उत्तर नाही, कवडसा. 'ती घर सोडून का जात नाही' हा माझा प्रश्नसुद्धा त्याच नजरेतून आला असेल का, याचा विचार करतेय. तिला विचारायचंच असेल तर दुसरं काही विचारायला हवं होतं. त्या खोलीत काय आहे, मला दाखवतेस का, असं काहीतरी.

रानवारा

शाईचा डाग, कथा झाली की इथे टाका. ते दोनदा बटणं लावण्याचं नक्की घ्या.

शाईचा डाग

घेतोय. काल रात्री पहिलं पान पुन्हा लिहिलं. भूत अजून आलेलं नाही. ती बुटाची नाडी बांधतेय.

अबोली

सगळ्यांचे प्रतिसाद दोन दिवस वाचत होते. उंबरठा, ते पेशींचं मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. तो काही बोलला नाही. मग म्हणाला, रात्री तू उठायचीस तेव्हा मी जागा असायचो. ग्लास भरलेलाच परत यायचा हे त्याने पाहिलं होतं, चार वर्षांपूर्वीच.

आज दुपारी आम्ही दोघं त्या खोलीत गेलो. भिंत पाहिली. पिवळ्या रंगावर खिडकीच्या बाजूने जरा फिकटपणा आलाय. चिकटपट्टी एका कोपऱ्यात सुटून लोंबत होती. त्याने हात पुढे केला, मला वाटलं ओढून काढतोय. त्याने तो कोपरा अंगठ्याने दाबून परत चिकटवला. थोडा वेळ तसाच दाबून धरून ठेवला.